सेन्सरवरचा झेंडूचा हार

बाबांना आता घर ओळखीचं वाटत नाही, खाडी वाटते. कामोठ्याच्या जुन्या गावठाणात आमचं घर. मागच्या दाराने निघालं की पाणी फार लांब नाही. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. दिवसा कोणी ना कोणी लक्ष ठेवायचं, पण दिवेलागणीला सगळे कामात, आणि नेमके तेव्हाच ते उठून मुकाट चालू लागायचे. कुलूप लावू म्हटलं तर आई म्हणाली, "माणूस हाय तो. कोंबडी हाय का डालून ठेवायला?"

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. तेव्हा उपाय मीच शोधणार. मागच्या अंगणात सेन्सरचा दिवा लावला, माणूस हलला की पेटणारा. सोलरचा घेतला नाही. पावसाळ्यात त्याची बॅटरी भरत नाही. सोबतचा कागद नीट वाचला. समोरून चालत येणारा सेन्सरला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून बाजूच्या भिंतीवर बसवला. उजेड खिडकीतून थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर पडायचा. आई तिथूनच ओरडायची, "निघाला रं तुजा बाबा." मी जाऊन हात धरायचो. "बाबा, आज पाणी नाही." ते म्हणायचे, "मंग उद्या," आणि परत फिरायचे.

दसऱ्यालाही मला सुट्टी नव्हती. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर मागचं दार उघडं, अंगण काळोखात.

"आई, बाबा कुठायत?"

"हाइत ना बाहेर खाटंवर. लाईट कुटं लागली?"

खाट रिकामी होती. मोबाईलची बॅटरी भिंतीवर मारली. दिव्याला झेंडूचा जाड हार, दुहेरी गुंडाळलेला. सेन्सरचा पांढरा डोळा पार झाकलेला. गाडीला, मिक्सरला घातला तसा आईने यालाही घातला होता.

"नवीन हाय तो. त्याला काय कोरडा ठेवू?" ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं. ती पायरीवर बसली.

मी धावलो. हाका मारून उपयोग नव्हता, त्यांना ऐकू कमी येतं. भरती चढत होती. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कोणाच्या तरी होडीची गाठ सोडत होते. बोटांना ती सुटत नव्हती.

"बाबा, चला. आज पाणी नाही."

त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग ह्यो काय हाय? कालेजात ह्योच शिकवला?"

मी त्यांना धरलं. चिखलात त्यांचे पाय माझ्यापेक्षा पक्के. मी काठाकडे ओढतोय, ते होडीकडे. पाणी पोटापर्यंत आलं. मी रडत होतो आणि त्यांना शिव्याही देत होतो.

आई मागून साडीसकट पाण्यात शिरली. तिने त्यांना हातही लावला नाही.

"अवो, चला. जेवाला वाढलाय."

त्यांनी दोरी सोडली आणि तिच्या मागून निघाले. मी तिथेच थांबून होडीची गाठ पुन्हा आवळत बसलो.