डायवरची खिडकी

डायवरला सगळे डायवरच म्हणायचे, चारचौघांत बायकोसुद्धा. उभी हयात त्याने बस चालवली. निवृत्त होऊन वर्ष उलटतंय न उलटतंय तोच अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. एकच शब्द काय तो मागे राहिला: बरं. पाणी हवं तरी बरं, पाठ सोलवटली तरी बरं. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी पेशंट आहे हो तुमचा.

त्याची खाट पुढच्या खोलीत, खिडकीला लागून होती. समोर चौकातलं अवघड वळण. बस नीट वळली की डायवर डोळे मिटून घ्यायचा. कुणी चाक फुटपाथवर चढवलं की डाव्या हाताने खाटेची कड बडवायचा. दिवस असा जायचा, आणि चांगला जायचा.

मग बायकोच्या डोक्यात पार्लर काढायचं आलं. पार्लरला उजेड हवा, रस्त्यावरचं दार हवं. बाई मनाने वाईट नाही असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला.

"मागच्या खोलीत झोपाल ना हो?"

"बरं," म्हणत डायवरने खिडकीचा गज घट्ट धरला. त्याची बोटं सोडवायला मेहुण्याला बोलवावं लागलं.

मागची खोली म्हणजे अडगळीची. खाट कशीबशी मावली. दोन्ही अंगांना हातभर अंतरावर भिंत, खिडकी नावालाही नाही. बायकोला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. म्हणून ती फ्रेमच्या दुकानात गेली. तिथे परदेशी निसर्गचित्रांच्या छापील प्रती सोनेरी फ्रेमांत टांगल्या होत्या.

"इम्प्रेशनिस्ट म्हणतात ह्यांना," दुकानदार म्हणाला. "जवळून नुसते फराटे दिसतात. मागे या. अजून मागे. हां, आता बघा."

मागे सरकत ती पायरीवर पोचली तेव्हा कुठे नदी दिसली, होडी दिसली, काठची झाडं दिसली. बाई हरखली. तिथल्या तिथे चित्र घेतलं आणि खाटेच्या डाव्या अंगाला ठोकलं.

"खिडकी आणली तुमच्यासाठी. आवडली?"

"बरं."

जन्मभर लांबवर नजर लावून बसलेला माणूस, आणि आता नाकासमोर हिरवे-जांभळे फराटे. नदी त्याला कधी दिसलीच नाही. काचेत बल्ब दिसायचा, आणि स्वतःचं वाकडं तोंड.

मग त्याने एक युक्ती काढली. डावा पाय रेटून रेटून तो उजव्या कुशीवर वळायचा, लुळा हात अंगाखाली चिरडला तरी. ती भिंत कोरी होती. तिच्यापलीकडे पार्लर, पार्लरपलीकडे चौक. कान दिला की वळणावरच्या बसचा गिअर ऐकू यायचा. गिअर कर्रकन वाजला की डायवर भिंत बडवायचा. तेवढा वेळ तो जिवंत असायचा.

एकदा पलीकडे गिऱ्हाईक दचकलं. बायको हात पुसत आत आली, त्याच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"वेडीच मी. ह्या कुशीवर वळलात की चित्र दिसत नाही, नाही का? इकडेही आणू एक?"

डायवरने मान हलवायला बघितलं, ती उशीतच रुतली. "बरं," तो म्हणाला. "बरं, बरं, बरं." डोळ्यांतून पाणी येईपर्यंत म्हणत राहिला.

"बघा, कसे आनंदलेत," ती दारात डोकावणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने त्या भिंतीत खिळा ठोकला. आता डायवर उताणाच असतो. छताला अजून काही लावलेलं नाही.