ह्या टबाचं जाळं त्या टबाला नाही

किस्से कुणी गोळा करायला लागत नाहीत. गच्चीवर पाण्याचा डबा आठ दिवस उघडा ठेवा, डासांच्या अळ्या आपोआप होतात. माणसांचंही तसंच. चार म्हातारे एका छंदाला लावून मोकळे सोडा, किस्से आपोआप वळवळायला लागतात.

आम्ही चौघं. मी कराडचा, शाळा चौथीपर्यंत, जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. सुभेदार पलटणीतून आलेले, नदीकाठी ऊस आहे. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, शिकवण्यातून अजून झालेले नाहीत. आणि वडूजचा बिरा, घरची मेंढरं. पंप दुरुस्तीला घेऊन आला होता, जाताना माझ्याकडचे चार मासे घेऊन गेला, तेव्हापासून अडकला.

माशांची बारकी पिल्लं पुडीतलं खाणं खात नाहीत. त्यांना हलणारं लागतं. आधी हिरवं पाणी, म्हणजे शेवाळाचं, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. मग ओटच्या लगद्यात वाढणारे केसाएवढे किडे. मग मोइना. मोइना म्हणजे पाण्यात उड्या मारणारा रवा समजा. हे सगळं घरीच वेगवेगळं वाढवायचं आणि एकाचा थेंब दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही. मोइना हिरव्या पाण्यात पडली की चार दिवसांत ते पाणी खाऊन पांढरं करते. आणि हायड्रा नावाचा दोऱ्यासारखा किडा मोइनात शिरला, तर मोइनाही खातो आणि पिल्लंही. म्हणून प्रत्येक टबाचं जाळं वेगळं, मग वेगळा, एक टब झाला की हात धुवायचे, तेही बिनसाबणाचे. गुरुजींनी जन्मभर शिवाशिवीविरुद्ध भाषणं दिली. आता गच्चीवर मगांची शिवाशिव पाळतात.

यंदा ह्या सगळ्याला कारण होतं. सुभेदारांच्या फायटर माशाची पिल्लं आधी तीन वेळा उपाशी मेली होती. चौथ्यांदा अंडी फुटली, तेव्हा सुभेदार बायकोला सांगून बसले, "ही खेप गेली तर समद्या टाक्या भंगारात." पलटणीतला माणूस. शब्द दिला म्हणजे दिला. आणि वहिनींनी भंगारवाल्याला घर दाखवूनही ठेवलं.

* * *

सुभेदारांनी शिस्त लावली. हिरव्या पाण्याच्या टबाला हिरवा पट्टा, त्याच्या मगाला हिरवा पट्टा, जाळ्याच्या दांडीला हिरवा पट्टा. मोइनाला लाल. किड्यांना पिवळा. भिंतीवर ड्युटीचा तक्ता. आम्हाला बघायला बोलावलं. बघून मला उगीच ताठ उभं राहावंसं वाटलं.

पाचव्या दिवशी हिरवं पाणी फिल्टरच्या पाण्यासारखं स्वच्छ. आत मोइना उड्या मारतेय.

"शक्यच नाही," सुभेदार म्हणाले. "मग बदलला नाही, जाळं बदललं नाही."

मी म्हटलं, "रोज सकाळी काय काय करता त्ये करून दाखवा बघू."

ते लाल टबापाशी गेले, पाणी तापलंय का बघायला बोट बुडवलं. मग पिवळा डबा दाबून बघितला. मग हिरव्या टबात तेच बोट.

"इन्स्पेक्शन," म्हणाले.

"मगाला पट्टा मारला," मी म्हटलं, "आता बोटाला कुठला मारताय?"

* * *

पिल्लांची भिस्त आता किड्यांवर. किडे गुरुजींकडे भरपूर. गुरुजींचं सगळं लिहून. कुठल्या डब्यात काय, कधी सुरू केलं, काय घालायचं, सुंदर अक्षरात चिठ्ठ्या करून चिकटवल्या. चिकटवल्या कुठं, तर झाकणांवर.

गुरुजींच्या बायकोनं एका रविवारी सगळी झाकणं एकदम घासली आणि हाताला येईल ते डब्यावर बसवलं. पुढं तीन दिवस गुरुजी मोइनाच्या डब्याचं झाकण बोटभर उचलून फटीतून ओटचा लगदा सोडत होते. कारण चिठ्ठीवर तसं होतं. चौथ्या दिवशी वास जिन्यापर्यंत आला, तेव्हा आत बघितलं. मोइना सगळी सडलेली. बरं, किडे तेवढे वाचले. त्यांना तीन दिवस कुणी हात लावला नव्हता.

"आबा, चिठ्ठी बरोबरच होती हो," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, वाचता येतं म्हणून हे झालं. मला आलं नसतं, तर मी डब्यात बघितलं असतं."

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. लय शांतता होती.

* * *

मग सुभेदार सांगलीला पाहुण्यांकडे गेले आणि येताना दुकानातून पाणवनस्पतीची एक फांदी घेऊन आले. मोइनाला सावली व्हावी म्हणून! लाल पट्ट्याच्या टबात सोडली. आठवड्यात टबाच्या भिंतीला पांढरे दोरे लटकायला लागले. हायड्रा.

बिरा त्या दिवशी बाजाराला आलेला. टबात वाकून बघितलं.

"काडी धुतली व्हती का?"

"नवीनच होती," सुभेदार म्हणाले.

"आवं, नवीनच तर धुवायची. बाजारातनं बकरू आणलं तर आमी महिनाभर कळपात सोडत न्हाई. येगळं बांधतो, खोकतंय का बघतो. तुमी बॉर्डरवर राखण केली म्हनं."

सुभेदारांनी मिशीला हात लावला. मी दुसरीकडे बघितलं. मजा बघायची तर तोंड दिसू द्यायचं नसतं.

* * *

आता चांगली मोइना फक्त माझ्याकडे. सहा वर्षं सांभाळलेला टब. वर धोतराचं फडकं, जवळ दुसरी वस्तू नाही. पिल्लं वीस दिवसांची झाली होती आणि किड्यांवर वाढायची थांबली होती. मी बरणीभर मोइना सुभेदारांना दिली आणि बजावलं, "ही पिल्लांना घाला. बरणी माझ्या टबाजवळ येता कामा नये."

सुभेदारांनी पाळलं. मोइना पिल्लांना घातली आणि रिकामी बरणी वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी धुतली, पुसली आणि आमच्या हिच्याकडे पाठवली. पण रिकामी कशी पाठवायची? घेतलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. साखर नाहीतर शेंगदाणे घालायचे, पण ही बरणी माशांची. म्हणून त्यांनी लाल टबातली वाटीभर मोइना घालून पाठवली. दोऱ्यांसकट.

आणि आमच्या हिने, एवढ्या मायेनं पाठवलंय म्हणून, नेऊन माझ्या टबात ओतली.

चौथ्या दिवशी मी फडकं उचललं, तर टबाच्या भिंतीला पांढरे दोरे.

"मला काय म्हाईत?" ही म्हणाली. "तुमी सांगितलं त्यास्नी, मला कुठं सांगितलं? घरात कुनाशी बोलता का तुमी?"

तेवढ्यात वहिनींचा फोन. "आबा, पोचली का हो बरणी? अजून पाहिजे तर सांगा, आमच्याकडे लय झालीय."

* * *

कराडात आता स्वच्छ मोइना नाही. सुभेदारांची पिल्लं रोज दोन-चार कमी. सुभेदार टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले, तक्ता भिंतीवरून काढलेला. भंगारवाला गल्लीतून ओरडत गेला तरी मान वर केली नाही. हे मला बघवेना, पण तसं बोलून दाखवायची आपली पद्धत नाही. मी उकळत्या पाण्यानं बरणी धुतली आणि एसटीनं वडूज गाठलं.

बिराची मेंढरं पाणी पितात ती दगडी डोण त्यानं दाखवली. कोरडी ठणठणीत. तळाला चिखलाची खपली.

"पानी असलं की ह्यात तुमची ती मोइना लय असती," बिरा म्हणाला.

"आता कुठाय?"

"हितंच. अंडी चिखलात वाळून ऱ्हात्यात." खुरप्यानं खपली काढली आणि वर्तमानपत्रात बांधली. "पान्यात टाका."

"ह्या डोणीत कोण कोण तोंड घालतं?"

"मेंढरं, कुत्री, म्हसरं. वाटंनं जानारं कुनीबी."

"आन् हायड्रा न्हाई?"

"त्यो दोरा? कवा बघितला न्हाई."

"जपायला काय करतोस रं?"

बिरानं डोणीकडं बघितलं, मग माझ्या बरणीकडं.

"काय न्हाई. पाऊसच न्हाई पडत."

खपली मी नव्या टबात भिजवली. पाचव्या दिवशी दोन कण उडाले. बाराव्या दिवशी सुभेदारांनी स्वतः येऊन, हात धुऊन, पहिली वाटी नेली. जी पिल्लं उरली होती त्यांची पोटं त्याच संध्याकाळी गोल झाली. वहिनींनी टाकीवर वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या टाक्या. हॉलमधी बऱ्या दिसत्यात." सुभेदार खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत होते. सर्दी झाली होती म्हणे.

काल बिराचा फोन आला.

"आबा, जगली का?"

"जगली की. टब भरलाय."

"मंग आता त्यो टब उन्हात ठिवा. पार खडखडीत वाळू द्या. अंडी टिकत्यात, दोरा मरतो."

मी फोन ठेवला. टब अजून सावलीतच आहे. वर दोन फडकी घातलीत.