अकरा भोकांचा फ्लेक्स

परवीन शेख माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सांगवीत तिचं शिवणाचं दुकान आहे. तीन मशिनी. दहा वर्षं ब्लाउज शिवून तिनं त्या एकेक करून घेतल्या. तिची सही झोकदार आहे. गावात सगळे कौतुक करायचे.

गेल्या वर्षी ऋषिराजदादांनी गूळ पावडरीची कंपनी काढली. बारा भागधारक, प्रत्येकी हजार रुपयांचा भाग. परवीन त्यांतली एक. पावती कुणी घेतली नाही. गावातल्या माणसाकडं पावती मागणं बरं दिसत नाही. चौकात फ्लेक्स मात्र लागला. बारा फोटो, खाली नावं, वर 'सर्व भागधारकांचे हार्दिक अभिनंदन'. मजकूर माझा. मराठी घेऊन बी. ए. झालेल्याला गावात एवढंच काम मिळतं.

मग सरकारचं पत्र आलं. इंग्रजीत. दादांनी ते फ्रेम केलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शाली वाटल्या. पत्र कुणी वाचलं नाही. मीही नाही.

पावडर करायचं मशीन उधारीवर आलं. "तूच कर गं सही, तुझी शोभती," दादा म्हणाले. कंपनीच्या वतीनं परवीननं सही केली. पावसाळ्यात पावडरीचे गोळे झाले, गिऱ्हाईक फिरकलं नाही. मशीनवाल्याची नोटीस परवीनच्या नावावर आली.

आम्ही ते पत्र फ्रेमसकट बारामतीच्या वकीलबाईंकडं नेलं. त्यांनी ते काढून वाचलं.

"कंपनी नोंदलेली असती तर तुमचे हजार रुपये बुडाले असते, बस. पण हे नोंदणीचं प्रमाणपत्र नाहीच. नाव राखून ठेवल्याचं पत्र आहे. वीस दिवसांत नोंदणी करायची होती. कुणी केली नाही."

"म्हंजी?" परवीननं विचारलं.

"कंपनी जन्मलीच नाही. सही तुमची, देणं तुमचं. बाकीचे धंद्यात सोबत होते असा काही पुरावा मिळाला, तर त्यांचंही."

देण्यापायी परवीनच्या मशिनी गेल्या तर दुकान गेलं. आम्ही तडक ऋषिराजदादांच्या ओट्यावर गेलो. चारपाच भागधारक तिथंच बसले होते. परवीननं वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं.

"कसली कंपनी, परवीन? वकीलच म्हणतीया न्हाय म्हणून," दादा म्हणाले.

शेजारी बसलेले एक भागधारक सुपारी कातरत होते. "आमी आपलं सत्काराला आल्तो. नारळ घेतला, घरी गेलो."

"आन् हजार रुपयं?" परवीननं विचारलं.

"वर्गणी समजलो की."

सगळे हसले. या माणसांना मी जन्मभर काका म्हणत आलो. 

पुरावा म्हणून मला तो चौकातला फ्लेक्स आठवला. गावात जुने फ्लेक्स कुठं जातात ते सगळ्यांना माहीत असतं. दादांच्या गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीवर पावसासाठी झाकलेला तो सापडला.

त्याला अकरा भोकं होती. एकच चेहरा शिल्लक होता. परवीनचा.

तिनं एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "विळ्यानं कापलंय. घाईत."

मला थुंकावंसं वाटलं. मी भोकंच बघत राहिलो.

"ए साहित्यिक, खालचं वाच की."

मी वाचलं. त्यांनी फक्त चेहरे कापले होते. खालची नावं तशीच होती. अकराही. प्रत्येकापुढं 'भागधारक'. पहिलं ऋषिराजचं, 'अध्यक्ष' म्हणून.

"धर त्या बाजूनं," परवीन म्हणाली. आम्ही फ्लेक्स ओढून गुंडाळायला लागलो.

ऋषिराज ओट्यावरून ओरडला, "अगं, कडबा भिजंल!"

"भिजू द्या," ती म्हणाली.