बाटली वर, ताक खाली

दारू कमी व्हावी म्हणून मला दिलेला सराव मी तीन आठवडे नातीकडून करून घेतला.

सराव तसा पोरखेळच. मोबाइलवर चित्रं येतात. बाटली आली की बोटाने वर ढकलायची, ती लहान होत नाहीशी होते. ताक, सरबत आलं की खाली, आपल्याकडे ओढायचं. समुपदेशक बाईंनी समजावलं होतं, "काका, तुम्ही ठरवायच्या आत तुमचा हात ठरवून मोकळा होतो. त्या हातालाच शिकवायचंय." मी हसलो होतो. या वयात हाताला शाळेत घालायचं!

घरी पहिलीच बाटली आली आणि बोटाने ती खाली ओढली. पडदाभर मोठी झाली. दुसरी आली, तीही ओढली. मनात 'ढकल, ढकल' चाललेलं आणि बोट आपलं लाडक्या पाहुण्याला आत घ्यावं तसं. महिन्यापूर्वी याच हाताने भरदुपारी 'एकच' म्हणत ग्लास भरला होता. मी सोफ्यावर आडवा झालो, आणि सात वर्षांची नात तिकडे हाटकेश भागातल्या शाळेच्या फाटकाशी तासभर उभी. शेवटी शाळेचा वॉचमन तिला घेऊन दारात आला. "अंकल, बच्ची कब से रो रही थी."

त्या दिवसापासून तिला आणायचं माझं काम बंद. बायकोची अट एकच: बाई 'सुधारणा आहे' म्हणतील, तेव्हाच परत.

मग मी मोबाइल नातीपुढे धरला. "नवीन गेम आलाय, खेळतेस?"

पोरगी तरबेज. बाटल्या काय उडवायची! "आजोबा, आजपण सगळ्या पळवल्या!" गुण रोज चढत गेले, आणि मी असा नग, की आठवड्याभरात ते मला माझेच वाटायला लागले.

तपासणीला बायको सोबत आली. बाई गुण बघून खूश. "छान काका. आता माझ्यासमोर एकदा करून दाखवा."

पहिली बाटली. ओढली. दुसरी, ओढली. तिसरीला मी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी बोट खालीच गेलं. मला चित्र दिसेना. दिसत होता तो भर ट्रॅफिकचा रस्ता, नातीचा हात याच हातात, आणि हा हात मला न विचारता काहीतरी ठरवतोय.

"ते गुण माझे नाहीत," मी म्हणालो. "नातीचे आहेत."

बाईंनी सगळे गुण पुसले. "उद्यापासून पहिला दिवस. आणि तुमच्या बोटाने."

बायको पर्स उचलून उभी राहिली.

"म्हणजे तीन आठवड्यांत पोरीची दारू सुटली. आता तुमचं बघा."