कठड्याला टेकून दाखव

आमच्या कळव्याच्या सोसायटीत गच्चीचा लोखंडी कठडा बसवणारा कॉन्ट्रॅक्टर प्रत्येक बोलणं ‘काका, टेन्शन नाय घ्यायचं’नं सुरू करायचा आणि चकचकीत रंगावरून लाडानं हात फिरवायचा. मी आयुष्यभर कारखान्यात वेल्डिंग तपासलेलं. एका जोडावर हातोडी मारली, तर रंगाखालची पुट्टी गळून पडली. आत वेल्डिंगचे नुसते दोन ठिपके. माझं डोकंच फिरलं.

“इथे पोरं खेळतात रे! हे काम आहे?”

“काका, दहा वर्षं हलणार नाय.”

“मग टेक त्याला. पाठ लावून उभा राहा.”

तो हसला. त्यानं सात मजले खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. कच्च्या कामापेक्षा मला त्याचाच संताप आला.