ऑगस्टमध्ये विकलेली ऊब

मी वाळवंटात ऊब विकायचो. तीही ऑगस्टमध्ये! त्या दिवसांत शारजात गच्चीवरच्या टाकीत अंडं सोडलं असतं, तर नळातून उकडून, सोलून बाहेर आलं असतं. ही थाप वाटत असेल तर वाटू द्या. पण उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवून गार पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडायचो, ही थाप नाही. गीझरमधलं पाणी घरातल्या सावलीत असायचं, म्हणून त्यातल्या त्यात तेच गार.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका फ्लॅटमध्ये आम्ही चार 'बॅचलर' राहायचो. चौघांची मिळून चार बायका आणि सात पोरं होती, पण कुटुंब देशात असलं की तिकडे माणूस बॅचलरच. सातांतली एक माझी, पुण्याला. मी निघालो तेव्हा चार वर्षांची होती, आता सहाची झाली होती. आमच्या बॉयलर कंपनीच्या मॅनेजरनं सांगून ठेवलं होतं, "खोर फक्कानच्या व्हिलाची ऑर्डर आण, तुला फॅमिली व्हिसा देतो. नाहीतर खलास, पुढच्या वर्षी बघू." ते 'पुढच्या वर्षी' मी आधी दोनदा ऐकलं होतं.

खोर फक्कान म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं बंदर. व्हिलाचा मालक म्हातारा अरब. हयात बंदरावर आपल्या लोकांत गेलेली, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्यानं मला थेट पूलपाशी नेलं आणि मनगट धरून माझा हात पाण्यात बुडवला. चहापत्ती टाकायचीच काय ती बाकी होती.

"मुहंदिस," तो म्हणाला. तिकडे इंजिनियरला मुहंदिस म्हणतात. "ये पानी खुद गरम है. तुम मेरे को गरम बेचता है?"

मी ब्रोशर उघडलं. घरातल्या बाथरूम आणि पूल, दोन्ही सांभाळणारे दोन बॉयलर होते, एक साधा आणि एक हाय-एफिशियन्सी. म्हटलं, साध्याचा धूर इतका तापलेला, की वरून जाणारं कबुतर भाजून ताटात पडेल. दुसरा धुराला आतच निववतो आणि त्यातली ऊब परत पाण्यात घेतो. चिमणी प्लास्टिकची लावा, वितळायची नाही. म्हातारा जांभई देत होता.

"यल्ला, चाय पियो और जाओ."

माझा फॅमिली व्हिसा चहाबरोबर गार होत चालला होता. मी ब्रोशर मिटलं आणि त्याला हिंदीत जानेवारी सांगायला लागलो. डोंगरावरून वारा सुटलाय. तुमची नात पाण्यातून बाहेर येते. ओठ जांभळे, दोन्ही मुठी हनुवटीशी, दात असे वाजतायत की शेजारच्या व्हिलात ऐकू जावं. टॉवेलात गुंडाळली, तर टॉवेलच थरथरतो. केस पुसताना डोकं आपल्या पोटात खुपसते आणि म्हणते, "अजून पूस, अजून पूस."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ते 'अजून पूस' मी मराठीत बोललो होतो. नात अरबाची नव्हतीच. पुण्यातली डिसेंबरची सकाळ होती ती.

म्हातारा मात्र चांगला जागा झाला होता.

"तुम्हारा बेबी कितना साल?"

"छे."

"इधर है?"

"नहीं."

त्यानं ब्रोशर स्वतःच उघडलं. "इसमें कौन सा है, जो गरमी को जाने नहीं देता?"

मी बोट ठेवलं.

"ये लाओ. और जनवरी में बेबी को लाओ. इन्शाल्ला, पहले वो नहाएगा."

मॅनेजर शब्दाला जागला आणि दोघी आल्या. जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही खोर फक्कानला गेलो. बायको म्हाताऱ्याच्या सुनांबरोबर खजूर खात बसली. लेक पूलमध्ये उतरली ती दोन तास निघेना. डोंगरावरून वारा खरंच सुटला होता, अगदी मी वर्णन केलं होतं तेवढा नाही, पण होता. मी काठावर नवा कोरा टॉवेल पसरून, जरा वाकूनच उभा होतो. डोकं नेमकं पोटाशी यावं म्हणून.

ती वर आली. ओठ गुलाबी, दात जागच्या जागी, अंगातून वाफा निघतायत. इतका उत्तम बॉयलर मी विकला होता.

"बाबा, दे इकडे," तिनं टॉवेल ओढून घेतला. "मला येतं आता."

आणि पलीकडे जाऊन केस पुसायला लागली.

म्हाताऱ्यानं लांबून हाक मारली, "मुहंदिस, पानी ठीक है?"

"एकदम ठीक," मी म्हटलं. "थोडा कम गरम भी चलेगा."