अकरावा नंबर

शार्दूल चाळीस वर्षांचा झाला तेव्हा त्याने स्वतःलाच एक मोटरसायकल भेट दिली. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ती लाल गाडी आली आणि आठवड्याभरात तिची देखभाल त्याच्या बायकोकडे, रुचिराकडे आली. शार्दूलला गाडी चालवायची होती, तिच्यापुढे उकिडवं बसायचं नव्हतं. रुचिराला मात्र बसायला आवडायचं. ती चिंचवडची, मेकॅनिकल इंजिनीअर. मानेसरच्या एका कारखान्यात तिने काही वर्षं काढली होती. मुलगी झाली, मैत्रेयी, आणि मग रोजचं ते लांबचं जाणं-येणं झेपेना. नोकरी सोडून तिने घराजवळच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहायचं काम धरलं. हात काळे होण्याचं सुख तेव्हाच संपलं होतं, ते आता परत आलं.

पुढे शार्दूलच्या डोक्यात हौशी लोकांच्या शर्यतीचं खूळ शिरलं. रविवारी ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर सराव असे. त्याआधी रुचिरा आरसे काढायची, दिव्यांवर चिकटपट्टी लावायची, रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायची, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरतो. ब्रेकमधली हवा काढायची, चेनचा ताण बघायची. बोल्ट पुरेसा आवळला की टक् वाजणारा एक पाना तिला तिच्या वडिलांनी दिला होता. तो ती कुणाला हात लावू देत नसे.

शार्दूल दोनदा पडला. लागलं नाही, पण दोन्ही वेळा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "यार, ब्रेक नीट लागत नाहीये. रुचिरा, तू काय बघितलंस?"

तिने ब्रेक पुन्हा उघडले. काही सापडलं नाही.

ट्रॅकवर शिकवायला उदयसिंह होते. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन दिल्लीतच राहिलेले. ते म्हणाले, "वहिनी, गाडीत दोष आहे का नाही ते बसल्याशिवाय कळायचं नाही. गेल्या थंडीत तुम्ही माझ्याकडे नवशिक्यांचं ट्रेनिंग केलंय. रेसिंगचा सूट आहे ना तुमचा? मग घाला आणि जाऊन या."

ती गेली. पहिल्या फेरीत तिने फक्त गाडी ऐकली. दुसरीत वळणावर ब्रेक जोरात दाबला. गाडी सरळ रेषेत, शहाण्यासारखी हळू झाली. तिसऱ्या फेरीत ती ब्रेकचं विसरून गेली. गुडघा जमिनीजवळ आला, आणि हेल्मेटच्या आत ती मोठ्याने हसत होती.

ती परतली तेव्हा उदयसिंह स्टॉपवॉच शार्दूलपुढे धरून म्हणाले, "साहेब, गाडी चांगली आहे. वहिनी तुमच्यापेक्षा चार सेकंदांनी पुढं आहेत."

शार्दूलने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. "देखा? मेरी बीवी है!" घरी येईपर्यंत मात्र त्याने कारमधला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला.

शर्यतीत यंदा रुचिराचं नाव द्यावं, असं उदयसिंहांनी सुचवलं. शार्दूल म्हणाला, "बिल्कुल. दे ना. मी कशाला अडवू?" तिने नाव दिलं. पहाटे उठून ती सेक्टरच्या पार्कात पळू लागली, मांड्यांना बळ यावं म्हणून जिने चढू लागली. नवे ब्रेक पॅड घातले. कित्येक वर्षांनी तिला सकाळी उठावंसं वाटत होतं.

शर्यत दोन आठवड्यांवर आली असताना तिच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं आणि ती चिंचवडला गेली. परत आली तेव्हा बेसमेंटमधली जागा रिकामी होती.

"विकली," शार्दूल टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाला. "मैत्रेयी दहा वर्षांची आहे. उद्या तुला काही झालं तर? आपल्यात कुणीतरी मॅच्युअर व्हायला हवं ना."

"मला विचारलं नाहीस."

"फोनवर काय विचारणार? तू हॉस्पिटलमध्ये होतीस."

"आणि माझी हत्यारांची पेटी?"

"त्या माणसालाच दिली. आपल्याला आता काय उपयोग?"

"पाना होता त्यात. बाबांचा."

"दुसरा घेऊ ना, यार."

ती भांडली नाही. भांडली असती तर तो मुलीचं नाव घेऊन जिंकला असता. तिने उदयसिंहांना फोन केला. त्यांनी कुणाची तरी गाडी मिळवून दिली. ती गाडी थकलेली होती, क्लच घसरायचा, आणि ती उघडून बघायला वेळ नव्हता.

शर्यतीला रुचिरा एकटीच गेली. सुरुवात बरी झाली. नंतर प्रत्येक सरळ रस्त्यावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि बाकीचे पुढे निघून जायचे. ज्या पोरांना वळणांवर ती गाठत होती, ती पोरं पुढे तिच्या हातून निसटत होती. ती अकरावी आली. उदयसिंह खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, गाडी तुमची असती तर..." तिने त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

संध्याकाळी दार शार्दूलनेच उघडलं. "काय झालं?"

"अकरावी."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिच्या डोळ्यांदेखत उतरला. इतके दिवस आवळून धरलेले खांदे सैल पडले. "अरे वा! पहिल्याच वेळी अकरावा नंबर म्हणजे मस्तच!" त्याने तिला जवळ घेतलं, तिची बॅग उचलली, बिर्याणी मागवली. मैत्रेयीला हाक मारून म्हणाला, "आईला काँग्रॅच्युलेट कर." कित्येक महिन्यांत तो तिच्याशी इतका प्रेमाने वागला नव्हता.

रुचिराने बिर्याणी खाल्ली. मैत्रेयीने विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. गाडी विकली ते ती कदाचित विसरली असती, भीतीपोटी केलं असं स्वतःला समजावलंही असतं. पण दारातला तो चेहरा तिने पाहिला होता.

त्या रात्रीपासून ती मैत्रेयीच्या खोलीत झोपते. शार्दूलने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू घोरतोस."

तो हसला. त्याला ते खरं वाटलं.